अकरा ट्यूबा आणि एक तपासणी



लग्न झाल्यापासूनच्या हिशोबाच्या वह्या मी जपून ठेवल्या आहेत. बी.कॉम. झाले आणि नोकरी केली नाही, त्यामुळे कॉलेजात शिकलेलं सगळं दूधवाला, वाणी आणि लाइट बिल यांच्यावरच खर्च झालं, असं आमचे हे चिडवतात. गेल्या महिन्यात माळा आवरताना अलीकडच्या चार वह्या हाताशी आल्या म्हणून चाळत बसले. 'औषधपाणी' या सदरात एक नोंद सारखी दिसायला लागली. 'मलम १'. पुन्हा दोन-तीन महिन्यांनी 'मलम १'. माझ्या वहीत कफाच्या औषधाचंसुद्धा नाव लिहिलेलं असतं, पण इथे नुसतं मलम. मोजलं तर अकरा वेळा. जी वही घरात दुसरं कुणी उघडतही नाही, तिच्यातसुद्धा ते मलम कशाचं हे मला लिहवलं नव्हतं.

आज लिहिते. ते लघवीच्या जागी लावायचं मलम होतं.

अठ्ठावन्नाव्या वर्षी मला तिथे खाज सुरू झाली. दिवसा कामात कळायची नाही, रात्री अंथरुणाला पाठ टेकली की सुरू व्हायची. पुढे सामायिकाची ४८ मिनिटंसुद्धा एका जागी बसवेना. मन स्थिर नाही म्हणून मी स्वतःलाच बोल लावायची. पाळी जाऊन सात-आठ वर्षं झाली होती, तेव्हा 'या वयात कोरडेपणा असतोच' असं समजून चालले. एका चिठ्ठीवर 'खाजेचं मलम' एवढंच लिहून ह्यांना मेडिकलमध्ये पाठवलं. तिथल्या मुलाने कुठे खाज आहे हे विचारलं नाही, ह्यांना ते ठाऊक नव्हतं, आणि मी सांगितलं नव्हतं. ट्यूब आली. चार दिवसांत आराम पडला. पंधरा दिवसांनी खाज परत. पुन्हा ट्यूब. असं चार वर्षं चाललं.

आपल्याकडे याला 'अंगावर काढणं' म्हणतात. मी तर मलम लावून अंगावर काढलं, म्हणजे काहीतरी उपचार चालू आहे हे समाधानही होतं. माझं आजचं म्हणणं याच समाधानाबद्दल आहे. मलम ही चांगली गोष्ट आहे, त्याच्यावाचून माझं आज चालत नाही. पण आपण बायका त्याच्यावर नको तेव्हा विश्वास टाकतो, आणि टाकायचा तेव्हा टाकत नाही. मी दोन्ही चुका केल्या.

पहिली चूक त्या अकरा ट्यूबांची. खोक्यावरची मुंगीएवढी अक्षरं मी नंतर भिंग घेऊन वाचली. एकाच ट्यूबमध्ये बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि वर एक जोरदार स्टिरॉइड. अशी मिश्र मलमं आपल्या देशात वर्षानुवर्षं चिठ्ठीशिवाय मिळत आली आहेत. २०१८ साली सरकारने स्टिरॉइडची मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला, पण चिठ्ठी मागणारं दुकान तुमच्या पाहण्यात आहे का? त्वचेचे डॉक्टर या मिश्र मलमांवर का चिडतात हे आता मला कळलंय. जांघेत खरोखर बुरशी असेल, म्हणजे आपण गजकर्ण म्हणतो ते, तर स्टिरॉइडने लाली आणि खाज दबते आणि आत बुरशी मजेत पसरत राहते. कितीतरी घरांत सासू-सून एकच ट्यूब वापरतात आणि दोघींचं गजकर्ण हटत नाही. त्या मिश्रणात पुष्कळदा असणाऱ्या निओमायसीन नावाच्या औषधाची काहींना ॲलर्जी येते, मग मलमानेच नवी खाज उठते.

माझ्या बाबतीत फसवणूक आणखी वेगळी झाली. मला बुरशी नव्हतीच. मला जो आजार निघाला त्यावर स्टिरॉइड हेच औषध आहे. त्यामुळे दर ट्यूबमधला तो एक घटक आजाराला थोडासा दाबायचा, खाज थांबली की मी लावणं बंद करायची, आणि आजार आतल्या आत पुढे सरकायचा. जमा-खर्च जुळतोय असं दिसत राहिलं आणि भांडवल मात्र जात राहिलं.

कळलं ते अपघातानेच. लघवी करताना मिठाचं पाणी जखमेवर पडावं तशी आग व्हायला लागली. एकदा कपड्यावर रक्ताचा ठिपका दिसला. पाळी गेल्यानंतर रक्त दिसलं की थांबायचं नाही एवढं मला माहीत होतं, म्हणून गेले. स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी तपासायला झोपवलं, दिवा सरकवला, आणि जेमतेम मिनिटभर पाहून म्हणाल्या, "काकू, हे किती वर्षं आहे? इतके दिवस कुणी पाहिलं नाही का?" कुणाला दाखवलंच नव्हतं, तर पाहणार कोण! मी चार वर्षं मलम लावत होते, पण मी स्वतःसुद्धा आरसा धरून तिथे पाहिलं नव्हतं.

आजाराचं नाव लायकेन स्क्लेरोसस. नाव जड आहे, पण एकदा तोंडात बसवून घ्या, कारण पाळी गेलेल्या बायकांमध्ये हा आढळतो आणि बुरशी समजून त्यावर भलतंच औषध चालू राहतं. लहान मुलींनाही होतो, वयात येण्याआधी. त्या बोलू शकत नाहीत, नुसत्या चड्डी ओढत राहतात आणि आपण त्यांना ओरडतो. यात तिथली कातडी पांढरट, पातळ, चुरगळलेल्या कागदासारखी होते, खाजवलं की चिरा पडतात. पुढे पुढे बाजूच्या पाकळ्या आक्रसतात, एकमेकींना चिकटतात, वाट अरुंद होते. संसर्गाचा आजार नाही. नवऱ्याकडून येत नाही, नवऱ्याला लागत नाही, अस्वच्छतेने होत नाही. आपल्या शरीराची संरक्षण व्यवस्था आपल्याच कातडीवर उलटते असं डॉक्टर समजावतात. थायरॉइड असणाऱ्यांमध्ये तो जास्त सापडतो, म्हणून माझी तीही तपासणी झाली.

एका जागी माझी कातडी जाड झाली होती. तिथला तांदळाएवढा तुकडा काढून तपासायला पाठवला. या आजाराचं प्रमाण थोडं, पण कॅन्सरकडे वळण्याचं खरं असं एक टोक आहे. औषध न घेतलेल्यांतही ते शंभरात पाचाहून कमी बायकांत घडतं. कमी म्हणजे किती हे कागदावर वाचणं निराळं आणि आठ दिवस रिपोर्टची वाट पाहणं निराळं. मी त्या आठ दिवसांत कपाटातल्या दागिन्यांची यादी सुनेच्या हातात दिली. ती बिचारी घाबरली, आणि का देतेय हे मी तेव्हाही सांगितलं नाही. रिपोर्ट चांगला आला.

आता दुसरी चूक. बाईंनी लिहून दिलं क्लोबेटासोल ०.०५ टक्के, क्रीम नाही, ऑइंटमेंट. म्हणजे निव्वळ स्टिरॉइडचं मलम, त्यात बाकीची भेसळ नाही. घरी येऊन मी आतला कागद वाचला: कातडी पातळ होते, नाजूक जागी लावू नये, जास्त दिवस वापरू नये. मोबाइलवर पाहिलं तर स्टिरॉइडच्या नावाने नुसता आक्रोश. मी ट्यूब कपाटात ठेवली आणि पंधरा दिवस हात लावला नाही. गंमत बघा, चार वर्षं तेच जोरदार औषध विनाचौकशी फासत होते, आणि तपासून, नाव घेऊन, मापाने लिहून दिलं तेव्हा मला भीती वाटली!

पुन्हा गेले तेव्हा त्यांनी मला माझ्याच भाषेत समजावलं. म्हणाल्या, "तुम्ही हिशोब ठेवता ना? मग ही ३० ग्रॅमची ट्यूब आहे, ती तीन महिने पुरली पाहिजे. लवकर संपली तर जास्त लावताय." पहिला महिना रोज रात्री एकदा, दुसरा महिना दिवसाआड, तिसरा महिना आठवड्यातून दोनदा. प्रत्येक वेळी बोटाच्या पहिल्या पेरावर जेवढं बसतं त्याच्या निम्मं, वाटाण्याएवढं. बोटाच्या टोकापासून पहिल्या रेघेपर्यंत ट्यूबची एक धार काढली की साधारण अर्धा ग्रॅम होतो, हे माप त्वचेचे डॉक्टर सगळीकडे वापरतात. आणि कुठे लावायचं ते त्यांनी आरसा हातात देऊन दाखवलं. पांढऱ्या भागावर, जांघेत नाही, मांडीवर नाही. कागदावरचे इशारे खोटे नसतात, पण ते भलत्या जागी, भलत्या आजाराला, बिनमापाचं लावणाऱ्यांसाठी जास्त आहेत. हा आजार असलेली कातडी वेगळी असते.

माझ्या मनातली भीती पूर्ण गेली ती एका आकड्याने. ऑस्ट्रेलियात ५०७ बायकांना काही वर्षं पाहून २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या बायकांनी सांगितल्याप्रमाणे मलम नियमित लावलं, त्या ३५७ जणींपैकी एकीलाही तिथला कॅन्सर झाला नाही. ज्यांनी अधूनमधून लावलं, त्या १५० जणींपैकी सात जणींना कॅन्सर किंवा त्याची सुरुवात निघाली. बाईंनी हे सांगितलं तेव्हा मला माझ्या अकरा ट्यूबा आठवल्या. त्या अधूनमधूनच होत्या.

दीड महिन्यात मी रात्रभर झोपायला लागले. पण एक गोष्ट लपवणार नाही. जे आक्रसलं ते मलमाने परत येत नाही. पुढचं थांबतं, मागचं भरून निघत नाही. अजूनही आठवड्यातून एक-दोनदा लावते आणि वर्षातून दोनदा दाखवून येते. हा बरा होऊन विसरण्याचा आजार नाही, बीपीसारखा सांभाळण्याचा आहे.

आता साध्या मलमाविषयी, कारण स्टिरॉइडच्या गडबडीत त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. बाईंनी दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं: बिनवासाची पांढरी पेट्रोलियम जेली, रोज. मला वाटलं चिठ्ठीचा कागद भरायला लिहिलंय. पण रोजचा अर्धा आराम त्यानेच मिळतो. पातळ कातडीवर लघवीचा थेंब, घाम, कपड्याचं घर्षण यांच्यामध्ये तो एक पडदा होतो. चुरचुरत असेल त्या दिवशी लघवीला जाण्याआधी बोटभर लावून गेलं की आग होत नाही. स्टिरॉइड लावल्यावर मात्र अर्धा तास थांबून मग हे लावायचं, नाहीतर औषध त्यात मिसळून पसरतं. क्रीमपेक्षा ऑइंटमेंट का, तर क्रीममध्ये पाणी असतं, पाणी आलं की ते टिकवायला आणखी रसायनं येतात, आणि तीच चिरांवर झोंबतात. चिकट वाटतं, कपडे तेलकट होतात, हे खरं. जुने सुती कपडे त्यासाठी वेगळे ठेवा. आणि स्वयंपाकघरातली एक खबरदारी: मलमाचा हात पदराला पुसून गॅसपाशी उभ्या राहू नका. कपड्यात मुरलेलं मलम पटकन पेट घेतं, २०१८ मध्ये ब्रिटनच्या औषध नियामकांनी याबद्दल मुद्दाम इशारा दिला होता.

आपल्यातल्या बऱ्याच जणी विचारतील, म्हणून सांगते. पेट्रोलियम जेली खनिज तेलातून काढतात, १८७२ साली अमेरिकेत रॉबर्ट चेझब्रो यांनी तिचं पेटंट घेतलं होतं. त्यात प्राण्याचं काही नाही. पण काही मलमांत लॅनोलिन असतं, ते मेंढीच्या लोकरीवरचं मेण. काहींत मधमाशीचं मेण असतं. औषधाच्या ट्यूबवर खाऊच्या पाकिटासारखा हिरवा ठिपका शोधून सापडेलच असं नाही, तेव्हा मागचे घटक वाचा आणि नको असेल तर डॉक्टरांना सरळ सांगा, बहुतेक वेळा दुसरं देता येतं. लॅनोलिनची काहींना ॲलर्जीही असते, तेव्हा हा निव्वळ सोवळ्याचा प्रश्न नाही. शंभर वेळा धुतलेलं तूप आयुर्वेदात आहे, माझ्या आईने आमच्या भाजलेल्या हातांवर ते लावलेलं मला आठवतं. पण या आजारावर त्याने भागेल असं मी म्हणणार नाही. पडदा म्हणून साधं मलम पुरे, आजाराला औषध लागतं.

आणि साबण. हे मला सगळ्यांत जड गेलं. सकाळी मंदिरात जायचं, संध्याकाळी आरतीला जायचं, म्हणून मी दिवसातून तीनदा तिथे साबण लावत होते, खाज वाढली तशी डेटॉलचे दोन थेंबही टाकायला लागले. खाज म्हणजे अस्वच्छता, असंच माझ्या डोक्यात होतं. साबणाने आधीच पातळ झालेली कातडी आणखी कोरडी होते, आणि डेटॉलने तर भाजल्यासारखी होते. नुसतं कोमट पाणी, हवं तर साबणाऐवजी तेच बिनवासाचं मलम, आणि टिपून कोरडं करणं. 'खास बायकांसाठी' म्हणून मिळणारी सुगंधी धुण्याची बाटली, पावडर, ओले वाइप्स, सगळं बंद. दशलक्षणात आपण दरवर्षी उत्तम शौच धर्म ऐकतो, आणि महाराज दरवर्षी सांगतात की शौच म्हणजे लोभ सुटणं. आपण घरी येऊन पुन्हा साबणाचीच वडी शोधतो.

प्रत्येक खाज माझ्यासारखी नसते, हे मात्र लक्षात ठेवा. माझ्या नणंदेला साखरेची गोळी बदलून दिली आणि महिन्याभरात तिला तिथे भयंकर खाज, पांढरे दह्यासारखे कण. ग्लिफ्लोझिनच्या जातीच्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, आणि तिथे साखर गेली की बुरशीला आयतं जेवण. मी शहाणपणाने माझी ट्यूब तिला देणार होते! तिला हवं होतं बुरशीचं औषध आणि साखरेच्या डॉक्टरांना एक फोन. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, पण सांगायचं नक्की. नुसता कोरडेपणा असेल तर त्याला हार्मोनचं क्रीम वेगळं, तेही तपासूनच. तीन बायका, तिघींची एकच तक्रार, आणि तीन वेगळी औषधं. म्हणून म्हणते, भिशीत पाककृती द्या, ट्यूबचं नाव देऊ नका.

मला एका ज्येष्ठ श्राविकेने म्हटलं होतं, "एवढ्याशा खाजेचं काय, परीषह समजून सहन करावं." रोग हा बावीस परीषहांत आहे, मान्य. पण ते मुनींचं आहे, समजून-उमजून स्वीकारलेलं. मी काय स्वीकारलं होतं? मला आजाराचं नावही माहीत नव्हतं, मी फक्त लाजत होते. लाजेला तप म्हणण्याची सवय आपल्या बायकांना फार आहे. आणि चार दानांत औषधदान आहे म्हणून आपण दवाखान्याच्या शिबिराला पावती फाडतो, त्याच शिबिरात तपासणीच्या रांगेत उभं राहायला मात्र आपल्याला अंग चोरावंसं वाटतं.

लाजेबद्दल मी कुणाला उपदेश करावा असं माझं काही नाही. बासष्ट वर्षांची होईपर्यंत मी 'खाली', 'तिकडे', 'त्या जागी' असंच बोलत होते. डॉक्टर बाईंपुढेसुद्धा पहिल्या वेळी 'पोटात दुखतंय' म्हणूनच नाव नोंदवलं. बाहेर बसलेल्या मुलीला खरं कसं सांगायचं? आता चिठ्ठीवर लिहून नेते: योनीच्या बाहेरच्या कातडीला खाज, इतके दिवस, रात्री जास्त, आधी ही ही मलमं लावली. सोबत रिकाम्या ट्यूबाही नेते. बोलवत नसेल तर चिठ्ठी पुढे सरकवावी, डॉक्टर वाचतात. पुरुष डॉक्टर नको असतील तर नको म्हणून सांगा, तपासताना सोबत बाई हवी म्हणून मागा. पण पाहू द्या. न पाहता, कपडे न काढता, नुसतं ऐकून कुणी तिथलं मलम लिहून देत असेल, तर मग तो मेडिकलमधला मुलगा काय वाईट होता?

हे सगळं आत्ता लिहायला बसले त्याला कारण आहे. परवा धाकट्या जावेकडे कुरड्या घालायला गेले होते. ती पाटावर बसून सारखी कूस बदलत होती. विचारलं तर म्हणाली, "काही नाही अक्का, जरा उष्णता झालीय." न्हाणीघरात गेले तर आरशामागे ट्यूब होती. तेच मिश्र मलम, शेपटाकडून गुंडाळत गुंडाळत संपत आणलेलं. मी ती ट्यूब घेऊन बाहेर आले आणि तिच्यापुढे ठेवली. ती इतकी लाल झाली की मलाच कसंतरी झालं. मग मी तिला माझ्या अकरा ट्यूबांची गोष्ट सांगितली, रिपोर्टच्या आठ दिवसांसकट. कुरड्यांचा चीक घट्ट होऊन गेला, पुन्हा शिजवावा लागला.

गुरुवारी अकरा वाजता तिची वेळ घेतली आहे. मी बरोबर जाणार आहे. काल रात्री तिचा फोन आला, हळू आवाजात, "अक्का, साडी नेसू का ड्रेस घालू? तपासायला काय सोपं पडतं?" मी म्हटलं, साडीच नेस, आणि ती ट्यूब पिशवीत टाकायला विसरू नकोस.